कानांनी वाचायचे पान

विद्यार्थी मित्रांनो, वाचण्यासाठी काय लागते, असे कुणी विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, "डोळे आणि पुस्तक." उत्तर बरोबर आहे, पण पुरे नाही. वाचन बोटांनी होते, तसे कानांनीही होते.

आपल्याच वऱ्हाडातले उदाहरण पाहा. अमरावती जिल्ह्यातील माधान गावचे संत गुलाबराव महाराज यांचा जन्म १८८१ साली झाला. वयाचे एक वर्ष पूर्ण होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. पण त्यांनी विद्येची वाट सोडली नाही. ते इतरांकडून ग्रंथ वाचून घेत, लक्ष देऊन ऐकत आणि ऐकलेले मनात साठवून ठेवत. पुढे त्यांनी स्वतःचे ग्रंथ सांगून लिहवून घेतले. १९१५ साली ते वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते. तरीही त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ आहेत. लोक त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणतात. प्रज्ञाचक्षू म्हणजे बुद्धी हेच ज्याचे डोळे आहेत असा मनुष्य.

दूर मिसर देशातही असाच एक विद्वान होऊन गेला. त्यांचे नाव ताहा हुसेन. त्यांचा जन्म १८८९ साली झाला. तेही लहानपणीच दृष्टिहीन झाले. गावच्या मकतबात ऐकून ऐकून त्यांनी कुरआन पाठ केले. पुढे ते अरबी भाषेचे नामवंत लेखक झाले आणि १९५० साली आपल्या देशाचे शिक्षणमंत्री झाले. तुमच्याही वस्तीत एखादे नाबीना हाफिजसाहेब असतील. त्यांना विचारा. कान ही विद्येची केवढी मोठी वाट आहे, ते तेच तुम्हाला सांगतील.

मात्र या सर्वांना एक गोष्ट लागत होती. शेजारी बसून वाचून दाखवणारा माणूस! तो थकला, गावाला गेला किंवा कंटाळला की अभ्यास थांबला. आज हे काम यंत्र करू शकते. संगणकावर किंवा मोबाइलवर असलेला मजकूर आवाजात वाचून दाखवणारी साधने आता सहज मिळतात. एनव्हीडीए नावाचे असे एक साधन २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या तरुणाने लिहायला घेतले. त्याचा सहकारी जेम्स तेह. हे दोघेही स्वतः दृष्टिहीन! ते साधन आजही विनामूल्य मिळते. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवर टॉकबॅक नावाचे असेच साधन असते. यंत्राला मराठी वाचता येते, उर्दूही वाचता येते. ते थकत नाही आणि एकच ओळ शंभर वेळा वाचायला सांगितली तरी रागावत नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण आपण त्याच्यापुढे ठेवतो त्या पानात आहे.

पान दिसते, पण बोलत नाही

समजा, तुमच्या वर्गातल्या एका दृष्टिहीन मित्राला तुम्ही मेळघाटाविषयीचा लेख पाठवला. आपल्या देशात १९७३-७४ मध्ये जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता, ही माहिती त्यात आहे. तुम्ही ते पान पडद्यावर पाहिले, त्याची पीडीएफ फाइल केली आणि पाठवली. तुम्हाला ती सुंदर दिसते. मित्राने मात्र मोबाइल कानाला लावला, तर एक शब्दही ऐकू येत नाही. असे का होते?

याचे कारण समजण्यासाठी पीडीएफ म्हणजे काय, ते पाहू या. १९९३ साली अमेरिकेतील अडोबी या कंपनीने ही पद्धत लोकांपुढे आणली. २००८ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कागद कुठल्याही यंत्रावर उघडला तरी तो सारखाच दिसावा, हा तिचा मूळ हेतू होता. 'सारखा दिसावा' हे शब्द नीट लक्षात ठेवा. सारखा ऐकू यावा, असे त्या हेतूत नव्हते. ती सोय पुढे जोडली गेली.

म्हणून पीडीएफ फाइल दोन प्रकारची असू शकते. एका प्रकारात अक्षरे खरोखर अक्षरे म्हणून साठवलेली असतात. दुसऱ्या प्रकारात पानाचा फक्त फोटो असतो. वरुडच्या संत्र्याचा फोटो कितीही रसरशीत असला, तरी तो सोलता येतो का? तसेच फोटोतल्या अक्षरांचे आहे. डोळ्यांना ती अक्षरे दिसतात. यंत्राला मात्र तिथे काळे-पांढरे ठिपके असतात.

एखादी सूचना संगणकावर टाइप होते, ती कागदावर छापली जाते, तिच्यावर सही-शिक्का होतो आणि मग तो कागद स्कॅन करून पाठवला जातो. अक्षरांचा फोटो होतो तो इथेच. पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन त्याची फाइल केली तरी तेच घडते.

अक्षराचा क्रमांक

आता दुसरी अडचण. कधी कधी फाइलमध्ये अक्षरे असतात, यंत्र आवाजही काढते, पण ते भलतेच काही बरळते. हे का घडते?

संगणक अक्षर ओळखतो ते क्रमांकाने. शाळेत जसा प्रत्येकाचा हजेरी क्रमांक असतो, तसाच. पूर्वी मराठीसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे फॉन्ट होते. त्यांतले पुष्कळ फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवत. डोळ्यांना 'क' दिसे, पण हजेरीपटावर तिथे कुठले तरी इंग्रजी अक्षर असे. वाचणारे यंत्र हजेरीपटच पाहते. त्यामुळे ते इंग्रजी अक्षरे वाचू लागते.

हा घोळ मिटवण्यासाठी १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिचा नियम सोपा आहे. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक. देवनागरी 'क' चा क्रमांक २३२५. उर्दूतील 'काफ' चा १७०५. गंमत म्हणजे अरबीतील 'काफ' चा क्रमांक वेगळा आहे, १६०३. शब्दात जोडून लिहिल्यावर दोन्ही काफ पुष्कळदा सारखेच दिसतात. म्हणून एकाच्या जागी दुसरा टाइप झाला, तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण संगणकाला शोधूनही तो शब्द सापडत नाही.

उर्दूची कहाणी तुम्हाला अधिक जवळची वाटेल. नस्तालीक खत वळणदार असते. शब्द वरून खाली उतरत जातो. ते टाइपात बसवणे फार अवघड होते, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातून लिहिली जात. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या परिश्रमांतून नूरी नस्तालीक तयार झाले. त्यात जोडाक्षरांच्या हजारो आकृत्या हाताने रेखून यंत्रात भरल्या होत्या. १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीने इनपेज नावाची प्रणाली आणली आणि गावोगावची उर्दू छपाई सोपी झाली. पण त्या जुन्या पद्धतीत फाइलमध्ये राहत होती ती आकृती. अलिफ, बे, ते ही सुटी अक्षरे तिच्यातून परत काढणे कठीण होते. त्यामुळे उर्दू मजकूर वेबवर पुष्कळ वर्षे चित्र म्हणूनच टाकला जाई. आज युनिकोडचे नस्तालीक फॉन्ट मिळतात. तरी जुन्या फाइली बोलत नाहीत, त्या नाहीतच.

'वऱ्हाड' चे 'हाड'

तिसरी अडचण बारीक आहे, पण मोठी मजेची आहे. मराठीत 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी 'क' च्या आधी दिसते. उच्चारात मात्र आधी 'क' आणि मग 'इ' येते. संगणकातही आधी 'क' आणि मग वेलांटी हाच क्रम असतो. काही पीडीएफ फाइली दिसण्याचा क्रम धरतात. मग 'किताब' ची वेलांटी 'क' ला सोडून भटकते आणि यंत्र अडखळते. उर्दूत याहून मोठी उलथापालथ होते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. फाइलने डावीकडून क्रम धरला, तर 'काफ, ते, अलिफ, बे' याऐवजी 'बे, अलिफ, ते, काफ' असा शब्द निघतो. किताब उलटी होते!

आपल्या प्रांताच्या नावाचेच पाहा. 'वऱ्हाड' मधला तो अर्धा 'ऱ' टाइप करणे पुष्कळांना जमत नाही. मग ते 'व', आडवी रेघ आणि 'हाड' असे टाइप करतात. डोळ्यांनी आपण ते चालवून घेतो. यंत्र मात्र सरळपणे वाचते, "व, हाड." कापूस आणि संत्री पिकवणारा आपला हिरवागार प्रांत क्षणात हाडांचा सांगाडा होतो! म्हणून शुद्धलेखन केवळ गुणांसाठी नसते. जो ऐकून वाचतो, त्याचा सारा भरवसा आपल्या शुद्धलेखनावर असतो.

पान कसे साठवावे?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू या. संगणकावर ब्राउझरमध्ये लेख उघडा. प्रथम शेवटपर्यंत खाली जा. 'अधिक वाचा' अशी झाकलेली जागा असेल, तर ती उघडा. झाकलेला मजकूर पुष्कळदा साठवला जात नाही. ब्राउझरमध्ये वाचनासाठी साधे पान दाखवण्याची सोय असल्यास ती वापरा. जाहिराती आणि बाजूच्या चौकटी गळून जातील. नाहीतर वाघाच्या वर्णनाच्या मधोमध यंत्र साबणाची जाहिरात वाचू लागेल.

मग 'कंट्रोल' आणि 'पी' या कळा एकदम दाबा. छपाईची चौकट उघडेल. तिथे छपाई यंत्राच्या नावाऐवजी 'सेव्ह अॅज पीडीएफ' निवडा. यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' असेही नाव दिसेल. शक्यतो ते घेऊ नका. क्रोम ब्राउझर २०२० पासून आपल्या पीडीएफमध्ये मथळा कोणता, परिच्छेद कोणता, यादी कोणती याच्या खुणा ठेवतो. दुसऱ्या वाटेने त्या खुणा गळून पडतात. दृष्टिहीन वाचक या खुणांच्या आधारे एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर जातो. खुणा नसतील, तर चाळीस पानांची फाइल त्याला पहिल्या ओळीपासून ऐकावी लागते. त्याच चौकटीत पानाच्या वर-खाली येणारा पत्ता आणि तारीख बंद करा, म्हणजे प्रत्येक पानाला यंत्र ते वाचत बसणार नाही. शेवटी फाइलला अर्थपूर्ण नाव द्या. 'डाउनलोड १७' या नावावरून कुणाला काय कळणार?

साठवलेले पान तपासा

फाइल झाली म्हणजे काम संपले, असे समजू नका. चार परीक्षा घ्या. पहिली, माउसने एक ओळ निवडून पाहा. ओळ निवडली जात नसेल, तर तो फोटो आहे. दुसरी, 'कंट्रोल' आणि 'एफ' दाबून पानावर दिसणारा एखादा शब्द शोधा. 'विद्यार्थी' हा शब्द यासाठी फार चांगला आहे. त्यात वेलांटी आहे, जोडाक्षर आहे आणि रफारही आहे. तो सापडला, तर बाकीची अक्षरे बहुधा ठीक असतात. तिसरी परीक्षा, एक परिच्छेद उचलून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवा आणि वाचून पाहा. चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. डोळे मिटून पूर्ण पान ऐका.

ऐकताना आवाजाची भाषा तपासा. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच आहे. हिंदी आवाज लावला, तर 'ज्ञान' या शब्दाचा उच्चार 'ग्यान' होतो. मराठीत तो 'द्न्यान' असा आहे. मराठी शिकणाऱ्या तुम्हाला हा फरक कानावर पडणे फार उपयोगाचे आहे.

चारही परीक्षांत फाइल नापास झाली, तर काय करावे? एवढ्या खटाटोपात पडण्यापेक्षा मूळ मजकूर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवावा. तो दिसायला साधा, पण ऐकायला उत्तम असतो. उर्दूसाठी तर पुष्कळदा हाच मार्ग बरा.

आणि हाती केवळ फोटोच असेल तर? फोटोतली अक्षरे ओळखणारी साधने आहेत. टेसरॅक्ट हे त्यांतले एक विनामूल्य साधन मराठी आणि उर्दू दोन्ही ओळखते. पण ते चुकते, हे विसरू नका. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांत ते फसते. तुम्हीही पाचवीत यांतच फसत होता, होय ना? अंकांची तर विशेष काळजी घ्या. 'एक' आणि 'नऊ' या देवनागरी अंकांत गल्लत झाली, तर शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख बदलते आणि कुणाचे तरी एक वर्ष वाया जाते. असा मजकूर पाठवण्याआधी मूळ कागदाशी ताडून पाहिलाच पाहिजे.

हे कुणासाठी?

कुणी म्हणेल, "एवढी खटपट कशासाठी? आमच्या वर्गात कुणी दृष्टिहीन नाही." त्याला दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर अचलपूर तालुक्यातील वझ्झरचे आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ आणि दिव्यांग मुलांसाठी आश्रम चालवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याच छायेत वाढलेली दृष्टिहीन कन्या माला पापळकर त्याच वर्षी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ब्रेल लिपी शिकून, पदवी घेऊन ती इथवर पोहोचली. परीक्षा सर्वांना एकच असते. मग अभ्यासाचे पानही सर्वांना सारखेच मिळायला नको का? एकाच्या हाती बोलणारे पान आणि दुसऱ्याच्या हाती मुके पान, हा न्याय नव्हे.

दुसरे उत्तर तुमच्या घरातच आहे. तुमच्या अम्मी किंवा दादीजान अकोल्याच्या बाजारात मराठीत भाव करतात, शेजारणीशी मराठीत बोलतात. पण देवनागरी अक्षरे त्यांना वाचता येत नसतील. शिधापत्रिकेची सूचना, पीकविम्याची माहिती, दवाखान्याचे पत्रक मराठीत येते आणि त्यांना तुमची वाट पाहत बसावे लागते. पान बोलके असेल, तर त्या ते स्वतः ऐकतील. आपले काम आपल्याला कळले, याचा आनंद काय असतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहा.

कायदाही या कामाच्या बाजूने आहे. २०१२ साली आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांसाठी पुस्तकाचे त्यांना वापरता येईल असे रूप करण्यास मोकळीक मिळाली. २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश शहरात याच विषयावर जगातील देशांनी करार केला. २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला भारत होता. मात्र दुसऱ्याचे लेखन साठवून विकणे किंवा स्वतःच्या नावावर खपवणे हा गुन्हाच आहे. ही मर्यादा पाळा.

मित्रांनो, वर्गाच्या गटात एखादी फाइल पुढे पाठवताना तुमचे बोट कळीवर जाईल. त्या क्षणी थांबा. एक शब्द शोधून पाहा. सापडला, तर पाठवा. नाही सापडला, तर पान दुरुस्त करा. या कामाला दोन मिनिटे लागतात. तेवढ्यात कुणाचा तरी आजचा अभ्यास वाचतो.

शब्दार्थ

दृष्टिहीन – नाबीना
प्रज्ञा – अक्ल, दानिश
मजकूर – इबारत
मथळा – सुर्खी, उन्वान
आकृती – शक्ल
स्वामित्वहक्क – लेखकाचा आपल्या लेखनावरील हक्क
ताडून पाहणे – दोन गोष्टी शेजारी ठेवून तपासणे
खटपट करणे – मेहनत घेणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गुलाबराव महाराजांना लोक काय म्हणतात?
(आ) युनिकोडची पहिली आवृत्ती कोणत्या साली निघाली?
(इ) तपासणीसाठी 'विद्यार्थी' हा शब्द चांगला का आहे?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) संत्र्याच्या फोटोचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
(आ) जुन्या पद्धतीच्या उर्दू फाइली यंत्राला का वाचता येत नाहीत?
(इ) शुद्धलेखन केवळ गुणांसाठी नसते, असे लेखक का म्हणतो?

प्र. ३. पुढील शब्द मोठ्याने वाचा आणि वाक्यांत उपयोग करा.
ज्ञान, वऱ्हाड, शिष्यवृत्ती, मेळघाट, परिश्रम.

उपक्रम : मराठीतील एक लेख पीडीएफ करून साठवा. चारही परीक्षा घ्या. नंतर तो घरातील वडीलधाऱ्या माणसाला ऐकवा आणि त्यांना काय समजले, ते पाच वाक्यांत लिहा.